टिकलीच्या ताटलीतला काढा

मेडशीत कुत्र्यांची काही कमी नाही. पण घरात राहून घर न भिजवणारं कुत्रं गावात एकच होतं आणि ते जगदेवच्या घरी होतं. ही गोष्ट जगदेव कधी सांगायचा नाही. त्याची बायको प्रयागबाई सांगायची, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायची.

"आमची टिकली घरात एक थेंब सांडत नाई," दळणाच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना ती ऐकवायची. "तुमची माणसं तरी सांडत असतीन."

असं बोलायचा तिला हक्कच होता म्हणा. प्रयागबाईनं बावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून काढली होती. आज मोटारसायकलवर मिशीला पीळ देत फिरणाऱ्या गावातल्या कितीतरी जवान गड्यांना 'बाई, सू लागली' हे वाक्य तिनं शिकवलं होतं, आणि चारचौघांत त्याची आठवण काढायला ती मागेपुढे पाहत नसे. गेल्या वर्षी तिनं ते काम सोडलं. मुलगी योगिनी लग्न होऊन वाशीमला गेली. मग घरात शिकवायला कुणी उरलंच नाही. एक जगदेव होता, पण तो शिकायच्या पलीकडे गेला आहे असं तिचं पक्कं मत होतं.

अशात थंडीच्या दिवसांत हे पिल्लू सापडलं. एस.टी. थांब्यामागच्या नालीत कुडकुडत होतं. रंगानं भुरकं, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव पडलं टिकली. प्रयागबाईनं पहिल्याच दिवशी तिची अंगणवाडी भरवली. खाणं झालं की उचलून अंगणातल्या निंबाखाली न्यायचं. झोपेतून उठली की पुन्हा निंबाखाली. तिथं उभं राहून "सू… सू…" म्हणायचं, आणि टिकली बसली की टाळी वाजवून गुळाचा बारीक खडा द्यायचा. घरात चुकून झालंच तर शब्द बोलायचा नाही, मुकाट्यानं पुसून घ्यायचं. हा अंगणवाडीतला तिचा पहिला नियम होता. "लेकराले ओरडलं ना, तर ते मुतणं सोडत नाई, लपवणं शिकते," असं ती नव्या मदतनिसांना बजावून सांगत असे. पंधरा दिवसांत टिकली इतकी तयार झाली की सू लागल्यावर दाराशी जाऊन पंजानं चौकट खरवडायची. प्रयागबाईला तेव्हा जो आनंद झाला, तो योगिनीच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.

आणि मग मे महिन्यात एके दुपारी, कूलरची हवा खात जगदेव पलंगावर पडला असताना, टिकलीनं घराच्या बरोबर मधोमध तळं केलं.

प्रयागबाई पाहतच राहिली. टिकलीही खालच्या ओल्याकडे अशी बघत होती, जणू ते कुणी दुसऱ्यानं केलं होतं. पहिल्या दिवशी नियम पाळला गेला. प्रयागबाईनं फडकं आणलं, पुसलं, वर म्हणालीसुद्धा, "दार बंद होतं, तिचा काय दोष." उन्हाची झळ आत येऊ नये म्हणून दुपारी दार लावलेलंच असायचं. पण संध्याकाळी दार सताड उघडं असताना चुलीपाशी दुसरं तळं झालं. दुसऱ्या दिवशी तीन झाली. तिसऱ्या दिवशी एक थेट देवघरासमोर. पाण्यासारखं नितळ, वास नाही, पण केवढं! एवढ्याशा पिल्लात एवढं मावतं कुठं, असा प्रश्न जगदेवलाही पडला.

त्याला तरी तो पडायला नको होता. पण माणसाच्या डोक्यात स्वतःबद्दलची गोष्ट सगळ्यात उशिरा शिरते, आणि जगदेवच्या डोक्याचं दार तर आधीच जरा जड होतं.

झालं होतं असं. महिन्याभरापूर्वी जगदेवच्या कमरेतून कळ निघाली आणि तो वावरातच आडवा झाला. वाशीमला नेऊन सोनोग्राफी केली, तर मुतखडा. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, आपोआप पडेल, कापाकापीची गरज नाही, फक्त पाणी भरपूर प्या. फक्त पाणी एवढ्यावर थांबेल ती प्रयागबाई कसली! तिनं त्यात स्वतःची भर घातली. बांधावरून सराटे, म्हणजे गोखरूचे काटे, वेचून आणले, ते कुटले, जवासोबत उकळले, गाळून त्यात गूळ घातला आणि पितळेचा मोठा गिलास भरून नवऱ्यापुढे धरला. सकाळी एक, संध्याकाळी एक. ज्या सराट्यांनी जन्मभर जगदेवच्या टाचा फोडल्या, तेच आता काढा होऊन पोटात जाणार होते.

पहिला गिलास त्यानं प्यायला. तासाभरानं मागच्या न्हाणीत गेला आणि तिथं जे झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा त्यानं दातात धरला होता आणि दुसऱ्या हातानं भिंत. डोळ्यातून पाणी आलं. पन्नाशी ओलांडलेला, क्विंटलाचं पोतं एकट्यानं पाठीवर घेणारा माणूस, आणि लघवी करताना रडला. बाहेर आल्यावर प्रयागबाईनं विचारलं, "झाली का साफ?" तर तो "हो" म्हणाला आणि घाईघाईनं जनावरांकडे निघून गेला.

त्या दिवशी त्यानं मनाशी एक सोपं गणित मांडलं. जितकं कमी प्यायचं तितकं कमी जायचं. जितकं कमी जायचं तितकं कमी दुखायचं. गणित चुकीचं होतं, पण ज्याला दुखतं त्याला ते कोण सांगणार? पहिले काही दिवस तो काढा कधी नालीत ओतायचा, कधी खिडकीबाहेर. पण प्रयागबाईची नजर घारीची. एकदा तिनं भिंतीवरचा ओघळ पाहिला आणि असं काही झापलं की शेजारच्या भाऊसिंगनं कुंपणावरून डोकावून विचारलं, "जगदेवभाऊ, शाळेत नाव टाकलं का पुन्यांदा?"

तेव्हापासून जगदेवनं नवी वाट काढली. पलंगाजवळच टिकलीची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची ताटली असायची. प्रयागबाई पाठमोरी झाली की गिलास ताटलीत रिकामा. गुळाची चटक लागलेली टिकली चप-चप-चप करून मिनिटभरात ताटली चकाचक करायची आणि शेपटी हलवत त्याच्याकडे बघायची. गिलास रिकामा पाहून प्रयागबाई खूश, गूळ मिळून टिकली खूश, आणि जगदेवला न्हाणीत कमी जावं लागायचं. सगळ्यांचं भलं करून आपण मोकळे झालो, असं त्याला वाटत होतं.

आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी बियाण्याचं झालं.

घरच्या सोयाबीनचं बियाणं पेरायच्या आधी ते किती उगवतं हे पाहायची पद्धत आहे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून थंड जागी ठेवायची, चार-पाच दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. प्रयागबाईनं ती गुंडाळी माठाच्या तिवईखाली ठेवली होती. चौथ्या दिवशी ती उघडायला गेली, तर टिकली तिच्यावर पाय फाकवून बसलेली.

प्रयागबाईनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

मारलं तसं काही फार नाही. दोन फटके, तेही झाडूच्या मऊ बाजूनं. पण ओरडली ती अशी की भांडी वाजावीत. "नालीतून उचलून आणली तुले! एवढं शिकवलं! गावभर नाक कापलं माहं!" टिकली पाठ वाकवून, कान पाडून पलंगाखाली घुसली आणि घुसताना वाटेवर पुन्हा ठिबकली. प्रयागबाई झाडू टाकून ओट्याशी गेली आणि तोंडाला पदर लावून बसली. ती रडत होती. जगदेव पाहत होता. त्याच्या हातात सकाळचा गिलास होता, अर्धा ताटलीत ओतलेला, आणि नेमक्या त्या क्षणी त्याच्या डोक्याचं जड दार उघडलं.

आपण मुतायचं औषध कुत्रीला पाजतो आहोत. आठ दिवसांपासून. सकाळ-संध्याकाळ.

त्याला दरदरून घाम फुटला. सांगावं का? सांगितलं तर आधी काढा का नाही प्यायला हे सांगावं लागणार, आणि मग न्हाणीतलं सांगावं लागणार. त्यापेक्षा गुपचूप बंद केलं तर आपोआप निस्तरेल, असं त्याला वाटलं. त्यानं उरलेला काढा मोरीमागच्या पपईच्या बुडाशी नेऊन ओतला आणि त्या दिवसापासून पपईलाच पाजायला लागला. त्याला वाटलं, मिटलं.

पण मिटलं नव्हतं. काढा पोटातून गेला, भीती गेली नाही. प्रयागबाईच्या पैंजणांचा आवाज आला की टिकली जमिनीला चिकटायची आणि दोन थेंब गळायचेच. निंबाखाली नेलं तर अंग चोरून उभी राहायची, बसायची नाही. दोन दिवसांनी घरात कुबट वास यायला लागला. शोधता शोधता प्रयागबाईनं बियाण्याची पोती हलवली, तर मागच्या सांदीत टिकलीनं चोरून आपली वेगळी न्हाणी केली होती.

"लपून करून राह्यली आता," प्रयागबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच जगदेवला जास्त भीती वाटली. "माह्या घरात नाई जमणार. भाऊसिंगभाऊ मांगून राह्यले, त्याईच्या संत्र्याच्या बागेत राहीन. रविवारी देऊन टाकू."

भाऊसिंगच्या बागेतली कुत्री जगदेवनं पाहिली होती. मोटारपंपाच्या खोलीला दिवसरात्र साखळीनं बांधलेली. माणूस वाईट नव्हता, भाकर वेळेवर टाकायचा. पण एकदा बांधलेलं सोडायचा नाही.

"आधी डॉक्टरले तं दाखवू," जगदेव म्हणाला. "आजारी असीन."

भित्र्या माणसाला अर्धं खरं बोलायला जमतं, तसं ते होतं. डॉक्टरनं काही गोळी दिली, टिकली बरी झाली, तर आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही, अशी त्याला अंधुक आशा होती.

शनिवारी सकाळी टोपलीत टिकलीला घेऊन दोघं गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. बाकावर शेळ्या घेऊन चार-पाच जण बसले होते. त्यात भाऊसिंगही होता, त्याच्या शेळीचं सड सुजलं होतं. "बरं झालं, इथंच भेटल्या वहिनी," तो म्हणाला. "साखळी घेतलीच आहे मी दुकानातून येता येता. उद्याची वाट कायले पाहाची?"

डॉक्टर उज्ज्वला वाशीमहून येणारी तिशीतली बाई होती, हात हलका आणि बोलणं थेट. तिनं टिकलीच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून वर ओढली आणि सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. तिनं ओठ उलटून हिरड्या पाहिल्या.

"काकू, ही पाणी कधीपासून पीत नाहीये?"

प्रयागबाई गोंधळली. "पानी? हे तं सारखी मुतते म्हणून आनली आमी."

"आता मुतेल कशी? पोटात पाणीच नाही. कोरडी पडली आहे."

मग प्रयागबाईला आठवलं की कालपासून ताटली भरलेलीच होती. परवाही संध्याकाळी तेवढीच होती. तिनं ते सांगितलं, आधीच्या आठ दिवसांचंही सांगितलं. तळी, देवघर, गोणपाट. झाडूचंही सांगितलं, खाली मान घालून.

डॉक्टरनं हात पुसले. "दोन गोष्टी असू शकतात. एक म्हणजे, मूत्रपिंडात काहीतरी बिघाड. तसं असेल तर अकोल्याला न्यावं लागेल, रक्त तपासावं लागेल, इतक्या लहान जिवाला रोज सुया. खात्री देत नाही मी. दुसरं म्हणजे, ही निव्वळ भ्याली आहे. मुतलं की मार बसतो एवढंच तिला समजलं. जनावर मग पाणीच तोडतं. कधी मुतताना दुखतं म्हणूनही तोडतं. त्याला वाटतं, प्यायचंच नाही म्हणजे प्रश्न मिटला. आणि घात तिथंच होतो."

जगदेवच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरला. पंखा डोक्यावरच होता.

"पण भ्याली म्हणावं, तर आधीचे आठ दिवस का मुतली?" डॉक्टर पुढे म्हणाली. "ते कळत नाही. काही वेगळं पोटात गेलं का? कुणाचं औषध, फवारणीच्या ड्रमातलं पाणी, काहीही? ते कळलं तर माझं काम निम्मं होईल."

"भाकर, दूध अन पानी," प्रयागबाई म्हणाली. "दुसरं काई नाई. सोताच्या हातानं देते मी. देवाशप्पथ."

खरं होतं ते. तिच्या हातानं दुसरं काहीच गेलं नव्हतं. तिनं देवाची शपथ घेतली आणि जगदेव जमिनीकडे पाहत बसला.

"मग अकोल्याची चिठ्ठी देते."

"डॉक्टरबाई, कायले अकोला?" भाऊसिंग उठला. "वहिनी, द्या इकडे. बागेत मुतू द्या तिले कुठी मुतते ते. कोन पुसाले बसलं तिथी."

प्रयागबाईनं टिकलीकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीवर लाळ्या-खुरकताच्या लसीकरणाचा तक्ता होता, तो ती पाहत राहिली. तिकडे पाहतच म्हणाली, "न्या."

भाऊसिंगनं साखळीची कडी उघडली. तो खणखण आवाज ऐकून टिकली टोपलीतून घसरली, बाकाखाली घुसली आणि नेमकी जगदेवच्या दोन पायांमध्ये येऊन त्याच्या चपलेवर हनुवटी टेकून पडली. घरात प्रयागबाई ओरडली होती, आणि गोड पाजणारा हा एकच होता. तिच्या लेखी तो देवमाणूस. तिचं कोरडं नाक त्याच्या अंगठ्याला लागलं आणि जगदेवला स्वतःची इतकी लाज वाटली की ती न्हाणीतल्या दुखण्याहून भारी ठरली.

"थांब रे भाऊसिंग," तो म्हणाला. "डॉक्टरबाई, पोटात गेलं. वेगळं गेलं."

सगळे त्याच्याकडे वळले. शेळीसुद्धा.

"काढा गेला. माह्या वाटचा. मले मुतखडा आहे, त्याच्यासाठी हे काढा करते. जव अन सराटा. गूळ घालून. तो मी हिच्या ताटलीत ओतत होतो. सकायी एक गिलास, संध्याकायी एक. आठ दिवस."

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "म्हणजे काका, मुतायचंच औषध पाजलंत तुम्ही तिला! ती बिचारी मुतणार नाही तर काय करणार?" आणि ती हसायला लागली. बाकावरचे हसले. भाऊसिंग तर शेळीच्या पाठीवर हात टेकून हसला. "अरे बाप्पा! खडा याचा अन मुते कुत्री!"

"पण का पाजलात?" डॉक्टरनं विचारलं.

"तोंडाले लागत नाई म्हणून," जगदेव म्हणाला. एवढ्या लोकांत उरलेलं अर्धं काही बाहेर पडलं नाही.

प्रयागबाई हसली नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या कपाळावर आठी पडली होती. रागाची नव्हे. अंगणवाडीत एखादं पोर कोपऱ्यात गप्प बसलं की पडायची तशी.

डॉक्टरनं सुई नसलेल्या पिचकारीनं टिकलीच्या गालात थोडं थोडं पाणी सोडलं आणि सांगितलं, ओरडायचं नाही, संध्याकाळपर्यंत आपली आपण पाणी प्यायली तर काही चिंता नाही, नाही प्यायली तर घेऊन या, सलाईन लावू. भाऊसिंगनं साखळी गुंडाळून पिशवीत टाकली. "माहं नुकसान केलं गड्या तू," तो जगदेवला म्हणाला, पण तेही हसतच.

घरी येईपर्यंत प्रयागबाई एक शब्द बोलली नाही. दुपारभर बोलली नाही. जगदेव फटाका कधी फुटतो याची वाट पाहत इकडून तिकडे फिरत राहिला. म्हशीला दोनदा चारा टाकला. टिकली पलंगाखाली होती. ताटलीत थंडगार पाणी होतं आणि त्याच्यावर एक माशी बसत-उठत होती. तीन वाजले, चार वाजले, टिकलीनं ताटलीला तोंड लावलं नाही.

ऊन कललं तसं प्रयागबाईनं चुलीवर पातेलं चढवलं. जवाचा आणि गुळाचा वास घरभर पसरला. तिनं काढा गाळून पितळेच्या गिलासात भरला, दुसऱ्या हातात टिकलीची ताटली घेतली, आणि दोन्ही निंबाखाली नेऊन ठेवलं. मग पलंगाखालून टिकलीला हळूच ओढून काढलं, छातीशी धरून बाहेर आणलं, आणि म्हणाली, "या. बसा इथी."

जगदेव जाऊन बसला. आता फुटणार, असं त्याला वाटलं.

"दुखते का?" प्रयागबाईनं विचारलं.

त्यानं खाली पडलेली निंबाची काडी उचलून मोडली.

"मुतताना दुखते का, ते इचारून राह्यली."

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता, आणि तो इतक्या हळू आवाजात आला होता की जगदेवला खोटं बोलायला जागाच सापडली नाही.

"लई," तो म्हणाला. "तापलेली तार ओढून राह्यलं कोनी, असं. त्या दिवशी रडलो मी."

"मंग सांगाचं नाई?"

"तू ओरडली असती."

प्रयागबाईनं मांडीवरच्या टिकलीच्या पाठीवरून हात फिरवला. जिथं झाडू लागला होता तिथून, पुन्हा पुन्हा. "ओरडली असती," ती म्हणाली. "खरंच ओरडली असती. 'एवढा मोठा बाप्या अन रडता कायले' म्हटलं असतं. अंगणवाडीत परक्याच्या लेकरायले कधी ओरडली नाई बावीस वरसं. अन घरच्या दोघाईले लपवणं शिकवलं मी." तिचे डोळे भरले आणि तिनं ते पुसले नाहीत. "डॉक्टरबाई कुत्रीचं सांगे तवाच समजलं मले. तुमाले घाम फुटला होता."

जगदेवला छातीवरून एक पोतं उतरवल्यासारखं वाटत होतं, आणि रडूही येत होतं. त्यानं टिकलीच्या कपाळावरच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला.

"कमी पेलं तर जास्त दुखते," प्रयागबाई म्हणाली. "मूत कडक होते. भरपूर पेलं तर पातय होऊन जाईन, मंग नाई दुखणार एवढं. हे डॉक्टरनं सांगतलं होतं वाशीमले. तुमी आयकलं नाई." मग तिच्या लक्षात आलं की आवाज चढतो आहे. तिनं तो खाली आणला. "घ्या. हळू हळू घ्या. घाई नाई."

तिनं गुळाचा खडा ताटलीतल्या पाण्यात चुरला आणि टिकलीला ताटलीपाशी सोडलं. टिकली मागे सरकली आणि प्रयागबाईच्या हाताकडे बघू लागली. प्रयागबाईनं दोन्ही हात मांडीखाली घातले.

जगदेवनं गिलास उचलला. गिलास उचलला की ताटलीत गोड पडतं, हे टिकलीला माहीत होतं. तिचं नाक वर झालं. यावेळी गिलास ताटलीकडे वळला नाही, जगदेवच्या तोंडाला लागला. त्यानं एक घोट घेतला. सराटा तो सराटाच, गुळानं काय होणार! त्यानं मुद्दाम मोठ्यानं आवाज करत दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला. टिकली टक लावून बघत होती. हा आपलं पितो आहे, हे तिला पटत नसावं. ती एक पाऊल पुढे आली. ताटलीचा वास घेतला. पुन्हा जगदेवकडे पाहिलं. त्यानं चौथा घोट घेतला.

चप.

प्रयागबाईनं श्वास रोखून धरला. चप-चप. मग ती अशी प्यायला लागली की ताटली जमिनीवर सरकत गेली आणि निंबाच्या बुंध्याला लागून थांबली. जगदेवनंही गिलास उलटा करून दाखवला.

तासाभरानं सूर्य माळामागे उतरला आणि जगदेव उठला. रोजच्यासारखा तो न्हाणीकडे निघाला, पण दाराशी जाऊन थबकला.

"तिथी कायले?" प्रयागबाई म्हणाली. "निंबामांगंच जा. कोन पाह्यते. मी आहे इकडे."

तो निंबामागे कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. टिकलीही त्याच्या मागे गेली, गोल फिरली, पुन्हा फिरली. प्रयागबाई बुंध्याच्या अलीकडे पाठ करून उभी होती. सुरुवातीला काहीच आवाज आला नाही. मग तिनं, बावीस वर्षं म्हटलं तसं, सावकाश सुरू केलं, "सू… सू…"

जगदेवनं दुपट्टा दातात धरला. कळ आली. आली तशीच आली, पण यावेळी त्यानं ती गिळली नाही. "आई गं!" तो मोठ्यानं ओरडला. पलीकडून उत्तर आलं नाही, ओरडाही आला नाही, फक्त "सू… सू…" तेवढ्याच सावकाश चालू राहिलं.

"झाली का?" थोड्या वेळानं प्रयागबाईनं विचारलं.

"झाली."

"दोघाईची?"

जगदेवनं खाली पाहिलं. टिकली मागचे पाय झाडत, माती उडवत होती.

"दोघाईची."

आणि निंबाच्या पलीकडून टाळी वाजली.